साडभाऊंचा मोबाईलमधला धान

या पृथ्वीवर धान पिकवणारी माणसं कोट्यवधी असतील. पण जो धान कुठल्याच जमिनीत उभा नाही, ज्याचा तांदूळ कुणाच्या ताटात पडणार नाही, त्याच्या मशागतीवरून सातासमुद्रापलीकडच्या कंपनीशी चार वर्षं भांडणारा माणूस एकच आहे, आणि तो नेमका माझ्या वाट्याला साडभाऊ म्हणून आला आहे. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहतात दवनीवाड्याला. पाच एकर धानाची शेती, वय पन्नाशीच्या पुढे, अंगात पांढरा सदरा आणि सदऱ्याच्या खिशात तो मोबाईल. मी गोंदियाला कॉलेजात इंग्रजी शिकवतो. तीस वर्षांत माझ्या इंग्रजीचा जगाला जो काही उपयोग झाला, तो साडभाऊंच्या तक्रारी भाषांतरित करण्यापुरताच झाला, असं मी आता प्रामाणिकपणे मान्य करतो.

हा धान पिकतो मोबाईलवरच्या एका शेतीच्या खेळात. जगभरातले लोक त्यात एका नदीकाठच्या गावात जमीन घेतात, पेरतात, कापतात, एकमेकांच्या शेतात डोकावतात. लहान मुलांनी आणि कंटाळलेल्या नोकरदारांनी खेळावा असा निरुपद्रवी खेळ. पण साडभाऊंनी त्यात पहिला धान लावला आणि तो सहा तासांत पिकला, तिथेच कंपनीचे ग्रह फिरले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने ते माझ्या दारात हजर.

"लिवा त्याईले," ते चप्पल काढता काढताच म्हणाले. "सहा घंट्यात धान? सहा घंट्यात तं भिजवलेला हरभरा फुगत नाही जी!"

"साडभाऊ, खेळ आहे तो. त्यात सहा तासांतच पिकणार."

"मंग धान काऊन म्हनता? दुसरं नाव द्या. नाव आमचं वापरता अन् पऱ्हे टाकत नाही, रोवना करत नाही, गव्हासारखा फेकून देता. अन् तो कापनारा पाहा! उभ्यानं कापते! कंबर वाकवत नाही बेटा."

पऱ्हे म्हणजे धानाची रोपं, आणि ती उपटून चिखलात लावायची तो रोवना, हे इकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. कंपनीला ठाऊक नव्हतं. त्याहून घोर अपराध म्हणजे त्या खेळात धानाला एकाच दिवसात दुसऱ्यांदा पाणी दिलं की पाटी यायची, 'जास्त पाण्यामुळे पीक मेले.' ही पाटी साडभाऊंनी मला जितक्या वेळा दाखवली, तितक्या वेळा लोक मुलीच्या लग्नाचे फोटोही दाखवत नाहीत. "पान्यानं धान मरते? बांधीत पानीच नाही तं धान उभा कायच्यात राहीन?" असा त्यांचा सवाल असे, आणि बांधी म्हणजे धानाचा वाफा, तो घोटाभर पाण्यानं भरलेलाच असतो, हे मी कंपनीला निदान वीस वेळा इंग्रजीतून कळवलं आहे.

आता याच माणसाची दुसरी बाजू. प्रत्यक्ष जगाबद्दल साडभाऊंची तक्रार म्हणून नाही. गावातली वीज दोन दिवस गेली तर म्हणतात, "येते जी." खऱ्या धानावर तुडतुडा पडला, चांगली बांधी डोळ्यांदेखत करपली, तर म्हणतात, "होते जी." एका कार्यालयाने त्यांचं नाव कागदावर चुकवून त्यांना स्त्री करून टाकलं होतं, तर ते दुरुस्त करायला हा माणूस सहा वेळा जाऊन सहाही वेळा हसत परत आला. मेव्हणी एकदा वैतागून माझ्या बायकोला म्हणाली, "ह्या मानसाले खऱ्या बांधीतला तन दिसत नाही वो, मोबाईलमधला बराबर दिसते." मला हे कोडं फार दिवस उलगडलं नव्हतं. एकदा सरळ विचारलं. तेव्हा ते बशीतला चहा फुंकत म्हणाले, "इथं कोनाले सांगू? सांगतलं तं ऐकते कोन? तिथं निदान 'तुमचं पत्र मिळालं' म्हनून लिवतेत." आणि त्यांनी खिशातून कागद काढला. त्यावर कंपनीचं उत्तर छापून आणलं होतं: आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. खाली तक्रारीचा सोळा आकडी क्रमांक. हे उत्तर मशीन देतं, माणसाच्या नजरेस ते पत्र पडतसुद्धा नाही, हे मला सांगवलं नाही. ज्या माणसाला आयुष्यात कुठल्याही कचेरीने पोच दिलेली नाही, त्याच्या हातून सोळा आकडी पोच काढून घेण्याइतका मी शिकलेलो नाही.

त्या कंपनीने खेळाडूंना बोलायला एक फोरम दिला आहे. फोरम म्हणजे देशोदेशीच्या लोकांनी जमून खेळ बनवणाऱ्या डेव्हलपरांना शिव्या द्यायची जागा, आणि ती जागा डेव्हलपरांनीच आपल्या खर्चाने बांधून दिलेली. इतकं उदार मन मी अन्यत्र पाहिलेलं नाही. तिथे एक गृहस्थ दर सोमवारी जाहीर करतात की हा खेळ आपण कायमचा सोडत आहोत. मंगळवारी ते पुन्हा येतात, सोमवारी आपल्याला कुणी थांबवलं नाही म्हणून रागवायला. एक बाई डेव्हलपरांना दरोडेखोर म्हणतात आणि त्याच आठवड्यात त्यांनी विकायला काढलेला पंखवाला बैल घेतात. डेव्हलपर या सगळ्यांना सांगतात की आम्ही ऐकतो आहोत, आणि मग जे कुणीच मागितलं नव्हतं ते देतात. लोक वर्षभर ओरडत होते की नदीवरचा पूल ओलांडताना खेळ बंद पडतो. कंपनीने सणानिमित्त कोंबड्यांना लाल टोप्या दिल्या. "कोंबडीले टोपी देली," साडभाऊ मला म्हणाले, "धानाले पानी नाही देलं." डेव्हलपरांवर झालेली इतकी नेमकी टीका मी त्या अख्ख्या फोरमवर दुसरी वाचली नाही.

पण एवढी नेमकी टीका मी इंग्रजीत जाऊच देत नसे, हा माझा गुन्हा. साडभाऊ सांगायचे, "लिवा, तुमच्या सात पिढ्यात कोनी धान पाह्यला काय? पाह्यला नाही तं कायले बनवता रे भैताडहो?" मी लिहायचो, 'भातशेतीच्या काही बारकाव्यांकडे आपलं नम्रपणे लक्ष वेधू इच्छितो.' दीड-दोन वर्षं हे बेमालूम चाललं. मग कुणीतरी त्यांना दाखवलं की इंग्रजी मजकुरावर मोबाईलचा कॅमेरा धरला की तो मराठीत वाचता येतो. त्यांनी पहिला कॅमेरा माझ्या भाषांतरांवर धरला. त्या दिवशी ते घरात आलेच नाहीत. फाटकातच उभे राहिले.

"तुमी माह्या शिव्या खाल्ल्या," ते म्हणाले.

"साडभाऊ, अहो, सभ्य भाषेत—"

"मी सांगतलेल्या अर्ध्या गोष्टी कोठी गेल्या? मले वाटे, इतकं बोलून रायलो तरी त्याईले काऊन लागत नाही? त्याईपर्यंत गेलंच नाही ना जी!"

मी त्यांना चहाला आत बोलावलं. त्यांनी माझा चहा नाकारला, जे आमच्याकडे कोर्टाची नोटीस देण्याइतकं गंभीर मानतात, आणि ते स्वतःच्या बळावर लिहू लागले. म्हणजे मोबाईलपुढे झाडीबोलीत बोलायचं, मोबाईल ते आपल्या समजुतीनं मराठीत लिहिणार, मग त्याचं इंग्रजी करणार. रोवना कसा करतात हे त्यांनी फोरमवर डेव्हलपरांना एकदाचं सविस्तर समजावून सांगितलं. मोबाईलला पऱ्हे म्हणजे पऱ्या वाटल्या आणि बांधी म्हणजे बांधलेला कैदी वाटला. त्यामुळे जगभरच्या खेळाडूंनी जे वाचलं ते असं: 'एकवीस दिवसांनी पऱ्यांना मुळासकट उपटा. त्यांच्या जुड्या बांधा. कैद्याला घोटाभर पाण्यात ठेवा, चांगला तुडवा, आणि मग बायकांनी गाणी म्हणत पऱ्यांना त्याच्यात पुरावं. आमच्याकडे हे सगळं गाव मिळून करतं.'

अर्ध्या तासात साडभाऊंवर फोरमवर लिहायची कायमची बंदी आली.

ती उठेपर्यंतचे सात दिवस मी विसरणार नाही. निलंबित झालेल्या मुख्याध्यापकासारखे ते रोज माझ्या ओसरीत येऊन बसत. अबोला होताच, पण बंदी उठवण्याचा अर्ज इंग्रजीत लागत होता, तेव्हा स्वाभिमान आणि गरज यांच्यामध्ये ते खुर्चीच्या कडेवर बसत. मी दोन पानांचा खुलासा लिहिला. पऱ्हे, बांधी, चिखल, सगळं. या वेळी एक शब्द गाळला नाही. भैताडसुद्धा जसाच्या तसा ठेवला आणि 'म्हणजे मूर्ख' अशी तळटीप दिली. मधल्या काळात तिकडे भलतंच घडलं होतं. फोरमवरच्या मंडळींना पऱ्या पुरणारा शेतकरी बेहद्द आवडला होता. त्याला परत आणा म्हणून सह्या गोळा झाल्या. सोमवारी खेळ सोडणाऱ्या गृहस्थांनी त्यासाठी बुधवारीही खेळ सोडला. बंदी उठली. आणि खेळाच्या पुढच्या बदलात धानाच्या जमिनीत खरोखर पाणी आलं, मेल्याची पाटी गेली. साडभाऊंनी दवनीवाड्यात पेढे वाटले. कशाचे, ते गावाला कळलं नाही. पण गावाने खाल्ले. संध्याकाळी मला फोन आला. मला वाटलं, आभार मानायला.

"लिवा त्याईले," ते म्हणाले. "इतकं निळं पानी कोठी रायते? चिखल कोठी गेला?"

असं आमचं पुन्हा जमलं होतं, आणि असंच चालत राहिलं असतं. पण गेल्या हिवाळ्यात कंपनीने एक नवा नियम काढला. ज्या खेळाडूंनी वर्षानुवर्षं खेळ उघडलेला नाही, त्यांची जमीन महिन्याभरात मोकळी करून नव्या खेळाडूंना देण्यात येईल. फोरमवर थोडी हाकाटी झाली आणि लोक पंखवाल्या बैलाकडे वळले. साडभाऊ दुसऱ्या दिवशी सकाळी आले. चप्पल नीट काढली. बसले. मी वही घेतली आणि नेहमीच्या भडिमाराची वाट पाहू लागलो.

"लिवा," ते हळूच म्हणाले. "म्हना, हात जोडून विनंती हाये. हा नियम करू नोका."

चार वर्षांत 'हात जोडून' हा शब्द त्यांनी कंपनीला वापरला नव्हता. मी पेन खाली ठेवलं. "साडभाऊ, तुम्ही तर रोज खेळता. तुमची जमीन कुठे जाते?"

"माही नाही जात."

"मग?"

त्यांनी बोटाने मोबाईलची काच पुसली. मग म्हणाले, "बाजूची जाते. पोरीची."

हा खेळ त्यांच्या मोबाईलमध्ये आला कसा, हे मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं. त्यांची एकुलती एक मुलगी चार वर्षांपूर्वी हैदराबादला एका कंपनीत लागली. जाण्याच्या आदल्या दिवशी तिने बापाच्या मोबाईलमध्ये हा खेळ टाकला, स्वतःच्याही टाकला, आणि दोघांनी शेजारी शेजारी जमीन घेतली. म्हणाली, बाबा, रोज आपण धुऱ्यावर भेटत जाऊ. धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. तीन-चार महिने रोज भेटलेही. मग तिचं काम वाढलं, मग फोन बदलला, मग ती खेळात आलीच नाही. शेवटची आली तेव्हा तिने धान लावलेला होता. त्या खेळात शेजाऱ्याला दुसऱ्याच्या पिकाला पाणी देता येतं, तण काढता येतं, पण कापता येत नाही. कापणी ज्याची त्यानेच करायची. साडभाऊ तीन वर्षांहून अधिक काळ रोज सकाळी स्वतःच्या शेताआधी तिच्या शेताला पाणी देत होते. तिचा पिकलेला धान तसाच उभा होता.

"मग तिला सांगा ना, एकदा उघड म्हणून. एका मिनिटाचं काम आहे."

"कायले सांगू जी? तिले वाटन, बाप इतक्यासाठी बसून रायला." आणि मग एकदम आवाज चढवून, "डेव्हलपरवाल्याईचं काय जाते? इतकी मोठी नदी बनवली, जागा कमी हाये काय तिथं? रिकामी जमीन पडली हाये कोसभर!"

मी ती विनंती लिहिली. उत्तर आलं, अभिप्राय मोलाचा आहे. मग मी आयुष्यात पहिल्यांदा साडभाऊंनी न सांगितलेल्या शिव्या लिहिल्या. चार वर्षांत मी ज्या ज्या खाल्ल्या होत्या त्या सगळ्या, शुद्ध व्याकरणात, विरामचिन्हांसह. त्यावर मात्र खऱ्या माणसाचं उत्तर आलं. कुणी बाई होत्या. त्यांनी लिहिलं होतं की नियम त्यांच्या हातात नाही, पण ज्याची जमीन त्याने महिन्याच्या आत एकदा जरी पाऊल ठेवलं तरी ती राहते. आणि पऱ्यावाल्या काकांना त्यांचा नमस्कार सांगावा.

नमस्कार मी सांगितला. आणि साडभाऊंना न विचारता भाचीला फोन केला.

"मावसाजी, तो गेम अजून चालू आहे?" ती हसली. "मी तर पासवर्डही विसरले."

मी म्हणालो, "तुझ्या धानाला तुझे बाबा रोज पाणी देतात."

कंपनीचा नवा नियमही सांगितला. तिने "किती दिवस उरले?" एवढंच विचारलं. नऊ उरले होते. जुना नंबर बंद, पासवर्ड आठवेना, कंपनीशी पत्रव्यवहार, या सगळ्यात त्यातले सात गेले.

आठव्या दिवशी, रविवारी, दुपारची जेवणं आटोपून साडभाऊ माझ्याकडे पान लावत बसले होते. मोबाईल समोर उघडा. बाजूच्या शेतावरच्या नावापुढे हिरवा ठिपका पेटला. चुना लावता लावता त्यांचा हात थांबला. शेताच्या कडेला एक लहानशी बाहुली उभी राहिली, दोनदा गोल फिरली, आणि तरातरा चालत सरळ साडभाऊंच्या उभ्या पिकात घुसली. चार वर्षांत ती खेळ साफ विसरली होती.

"अवं धुऱ्यानं!" साडभाऊ मोबाईलवर ओरडले. "धुऱ्यानं चाल वं पोरी! धान तुडवून रायली!"

तिला ऐकू जायचा प्रश्नच नव्हता. बाहुली कशीबशी परतली, धान कापू लागली, उभ्यानंच, कंबर न वाकवता. त्याबद्दल साडभाऊ चकार शब्द बोलले नाहीत. शेवटची ओळ कापून होईपर्यंत त्यांनी विड्याला हात लावला नाही. मग तिने निरोप पाठवला, 'बाबा, झालं. जाते, काम आहे.' ठिपका विझला.

जमीन वाचली. मला वाटलं, आता पेढे. पण दोन दिवस त्यांचा फोन नाही, तक्रार नाही. बुधवारी आले. मी खोदून विचारलं, तेव्हा कळलं की कापणी झालेल्या रिकाम्या शेताला शेजाऱ्याला पाणी देता येत नाही. पीकच नाही तर पाणी कशाला, असा खेळाचा हिशेब, आणि तो चुकीचाही नव्हता. सकाळी उठून पलीकडे जायला त्यांना काही कारण उरलं नव्हतं.

"मी लिहू का त्यांना?" मी विचारलं.

"नोका," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "तिलेच इचारतो. पेरते काय म्हनून."

मुलगी दर रविवारी फोन करी, जेवलात का, हो जेवलो, ठेवते, असा दोन मिनिटांचा. साडभाऊंनी स्वतः होऊन, तेही बुधवारी, तिला फोन लावलेला मी कधी पाहिला नव्हता. आमच्याकडच्या बहुतेक माणसांसारखा त्यांचा फोन स्पीकरवर असतो, त्यामुळे सगळी ओसरी ऐकत होती.

"बांधी रिकामी पडून रायली," ते म्हणाले. "काही लावते काय?"

"लावीन ना बाबा, पण आज नाही. आज डोकं फुटायची वेळ आलीये," ती म्हणाली, आणि सुरू झाली. तिची कंपनी म्हणजे कॉम्प्युटरवर काहीतरी, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. तिचं काम ग्राहकांच्या तक्रारींना उत्तरं द्यायचं होतं. कुठे सामान फुटलं, कुठे पोचलं नाही, त्यात तिचा काडीचा दोष नसतो, पण लोक दिवसभर तिला वाट्टेल ते बोलतात. "आज एक जण आईवरून बोलला, बाबा. उलटून बोलायची परवानगी नसते. गोड गोडच लिहावं लागतं. नाहीतर पगार कापतात."

साडभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी वहीकडे पाहिलं. दाराशी माझी बायको चहाचे कप घेऊन थांबली होती, ती तशीच थांबली.

"रोज बोलतेत?" त्यांनी विचारलं.

"रोज."

"मंग तू जेवते कवा?"

पलीकडे ती एकदम हसली, की नाक ओढलं, ते स्पीकरवरून नीट कळलं नाही. साडभाऊंनी अंगठ्याने चाचपून स्पीकर बंद केला, फोन कानाला लावला, आणि ते अंगणात उतरून लिंबाच्या झाडापलीकडे जाऊन उभे राहिले. आमच्याकडे पाठ करून. अर्धा-पाऊण तास ते नुसतं ऐकत होते. अधूनमधून मान तेवढी हलत होती. बायकोने खुणेने विचारलं, चहा नेऊ का? मी नको म्हटलं.